पातळ संगणक, रुंद पडदा

बारावीचा निकाल लागला, की आमच्या घरी पाहुण्यांची वर्दळ वाढते. जुने विद्यार्थी येतात, त्यांचे पालक येतात, कधी पालकांचे शेजारीही येतात. पेढा हातावर ठेवून झाला, की प्रश्न ठरलेला असतो : "सर, लॅपटॉप कोणता घ्यावा?" मी पदार्थविज्ञान शिकवतो, संगणक विकत नाही, हे सांगून पाहिले, पण ऐकतो कोण!

२०२३ च्या जूनमध्ये अशीच एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. तिला वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयात जायचे होते. वडील प्राथमिक शिक्षक. तिने फोनवर एक चित्र दाखवले. त्याच महिन्यात अ‍ॅपल कंपनीने १५ इंची पडद्याचा 'मॅकबुक एअर' जाहीर केला होता. भारतातली किंमत १,३४,९०० रुपयांपासून पुढे. "सर, एवढा मोठा पडदा, आणि जाडी बघा, जेमतेम दीड पेन्सिल!" वडील काही बोलले नाहीत. पण एवढे पैसे त्यांनी कसे साठवले असतील, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मी तिला म्हटले, "जाहिरातीतले आकडे खरे आहेत असे धरू. फक्त प्रत्येक आकड्याच्या मागे दुसरा कोणता आकडा लपला आहे, ते शोधू." त्या संध्याकाळी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन जे हिशेब केले, ते तुम्हांलाही करता येतील. त्यासाठी नववी-दहावीचे विज्ञान पुरते.

सुरुवात पडद्यापासून करू. पडदा "१५.३ इंची" म्हणतात, तेव्हा मोजलेला असतो तो कर्ण. क्षेत्रफळाचा त्यात उल्लेखही नसतो, आणि इथे बरेच लोक फसतात. याच संगणकाचा धाकटा भाऊ १३.६ इंची आहे. १५.३ ला १३.६ ने भागा, १.१२५ येतात, म्हणजे वाढ अवघी साडेबारा टक्के. पण आकार तोच ठेवला तर क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.१२५ चा वर्ग सुमारे १.२७. म्हणजे कर्ण एक अष्टमांशाने वाढला, पण पाहण्याची जागा पाव पटीहून अधिक वाढली.

आता दुसरी गंमत पाहा. बाजारातल्या पुष्कळशा साध्या लॅपटॉपांचा पडदा १५.६ इंची असतो. वरवर पाहता तो १५.३ पेक्षा मोठा. परंतु त्याच्या रुंदी-उंचीचे प्रमाण १६ : ९ असते, तो लांबट असतो. पायथागोरसच्या प्रमेयाने काढून पाहा. त्याची उंची सुमारे १९.४ से.मी. येते आणि क्षेत्रफळ ६७० चौ.से.मी. 'एअर'चा पडदा २८८० आडव्या आणि १८६४ उभ्या ठिपक्यांचा, म्हणजे जरा चौकोनी. त्याची उंची सुमारे २१.१ से.मी. आणि क्षेत्रफळ जवळजवळ ६९० चौ.से.मी. भरते. लहान कर्णाचा पडदा क्षेत्रफळाने मोठा निघाला! वाचताना, लिहिताना त्या पावणेदोन सेंटिमीटर उंचीत तीन-चार ओळी जास्त मावतात.

पडद्यावरचे हे ठिपके, ज्यांना पिक्सेल म्हणतात, किती बारीक असावेत? याचे उत्तर डोळ्याने द्यायचे. निरोगी डोळ्याला साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनाने दूर असलेले दोन बिंदू वेगळे दिसतात. पन्नास सेंटिमीटरवरून पाहिले तर हे अंतर सुमारे ०.१४५ मि.मी. होते. 'एअर'च्या पडद्यावर एका इंचात २२४ ठिपके आहेत, म्हणजे दोन ठिपक्यांतले अंतर ०.११३ मि.मी. डोळ्याच्या मर्यादेपेक्षा ते कमी आहे, म्हणून अक्षरांच्या कडा छापल्यासारख्या गुळगुळीत दिसतात. साध्या १५.६ इंची, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर हेच अंतर ०.१८ मि.मी. असते, नजर तीक्ष्ण असेल तर तिरप्या रेषांच्या पायऱ्या जाणवतात. देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक अधिक जाणवावा, कारण आपली जोडाक्षरे आणि मात्रा बारीक असतात. तेव्हा पडद्याच्या बाबतीत जाहिरात खोटी नाही. इथे पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

बॅटरीचा हिशेब मला सर्वांत आवडला. १३.६ इंची संगणकाची बॅटरी ५२.६ वॉट-तासांची आहे आणि १५.३ इंचीची ६६.५ वॉट-तासांची. भागाकार करा : १.२६. आता वरचा पडद्याच्या क्षेत्रफळाचा आकडा आठवा. तो १.२७ होता. दोन्ही जवळजवळ एकच! हा निव्वळ योगायोग नव्हे. पडद्याखालच्या तबकडीत बॅटरी आडवी पसरलेली असते. दोन्ही संगणकांची जाडी जवळपास सारखीच, एकाची ११.३ आणि दुसऱ्याची ११.५ मि.मी. जाडी वाढवायची नसेल तर बॅटरीला मिळणारी जागा फक्त क्षेत्रफळाबरोबरच वाढू शकते. पण उजळायचा पडदाही त्याच प्रमाणात मोठा झाला आहे. परिणाम असा, की कंपनीने दोन्ही संगणकांसाठी सांगितलेले तास एकच आहेत : चित्रपट पाहिल्यास १८, इंटरनेटवर वाचन केल्यास १५. मोठी बॅटरी म्हणजे जास्त तास, हे समीकरण इथे लागू पडत नाही. वाढीव उत्पन्न वाढीव खर्चात गेले!

त्या तासांमागेही एक आकडा लपलेला आहे. ६६.५ ला १८ ने भागले तर ३.७ येतात. म्हणजे सगळा संगणक, पडद्यासकट, सरासरी ३.७ वॉटवर चालला पाहिजे. घरातला साधा एलईडी दिवा ९ वॉटचा असतो. त्याच्या निम्म्याहूनही कमी शक्तीत एवढे काम होते, याचे कौतुक केलेच पाहिजे. पण कामाने २० वॉट मागितले तर? मग हीच बॅटरी सव्वातीन तासांत रिकामी होईल. अठरा तास हे हलक्या कामाचे तास आहेत. जड कामाचे तास जाहिरातीत छापत नाहीत.

(मोठ्या बॅटरीला एक वेगळीच मर्यादा आहे. विमानातून नेताना १०० वॉट-तासांपेक्षा मोठ्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणून जाडजूड, महागडे लॅपटॉपही या आकड्याच्या अलीकडेच थांबतात.)

आता पातळपणाकडे वळू. त्याआधी थोडा इतिहास. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात एका कागदी लिफाफ्यातून पहिला 'मॅकबुक एअर' बाहेर काढला. प्रेक्षक थक्क झाले. त्या संगणकाची जाडी जिथे सर्वांत जास्त होती तिथे १९.४ मि.मी. होती, पडदा १३.३ इंची आणि वजन १.३६ किलो. पंधरा वर्षांनी जाडी ११.५ मि.मी.वर आली, पडदा दोन इंचांनी वाढला आणि वजन झाले १.५१ किलो. हे साधले कसे आणि त्यासाठी काय गमावले?

इथे एक प्रयोग करा. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या तीन से.मी. रुंद, वीस से.मी. लांब अशा पट्ट्या कापा. पुस्तकांचे दोन सारख्या उंचीचे गठ्ठे सोळा से.मी. अंतरावर ठेवून त्यांवर एक पट्टी पुलासारखी आडवी ठेवा. मध्यभागी एक नाणे ठेवा आणि पट्टीला किती झोळ पडतो ते मोजपट्टीने मोजा. आता दोन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवा. झोळ साधारण निम्मा होईल. मग दोन पट्ट्या डिंकाने पूर्ण चिकटवून, पुस्तकाखाली रात्रभर दाबून वाळवा आणि पुन्हा तेच नाणे ठेवा. झोळ निम्मा नव्हे, जवळजवळ एक अष्टमांश होईल! एवढा बारीक झोळ मोजता येत नसेल तर आठ नाणी ठेवा. पहिल्या पट्टीचा एका नाण्याचा झोळ आणि या जोडपट्टीचा आठ नाण्यांचा झोळ जवळपास जुळेल.

पाटीची वाकण्याला विरोध करण्याची शक्ती तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. जाडी दुप्पट केली तर ही शक्ती आठपट होते. निम्मी केली तर एक अष्टमांश उरते. लांबीचे नेमके उलट आहे. दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीचा झोळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आपला पडदा एक अष्टमांशाने लांब झाला आहे. १.१२५ चा घन १.४२. म्हणजे बाकी सारे तसेच ठेवले तर त्याच वजनाने झाकण ४२ टक्के जास्त वाकेल. मोठा आणि पातळ ही दोन विशेषणे एका संगणकावर लावणे किती कठीण आहे, ते यावरून कळेल. लॅपटॉप म्हणजे भरीव पाटी नव्हे. अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कवच कोरून काढणे, आत कड्या ठेवणे अशा युक्त्यांनी अभियंते बरीच भरपाई करतात. कवच मजबूत असते यात शंका नाही. नाजूक असतो तो झाकणातला पडदा.

माझ्या भाचीचा एक पातळ लॅपटॉप होता, दुसऱ्याच कंपनीचा. तिच्या कानातली कुडी कळफलकावर पडली. तिने न पाहता झाकण मिटले, आणि पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी तड गेली. जुन्या जाड लॅपटॉपात झाकण आणि कळफलक यांच्यात थोडी मोकळी जागा असे. तिथे कुडी कदाचित दडली असती. पातळ यंत्रात ती जागाच उरलेली नसते, आणि दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे तुम्ही शिकला आहातच. कुडीच्या टोकाचे क्षेत्रफळ ते किती! अ‍ॅपलनेच आपल्या ग्राहकांना बजावले आहे, की कॅमेऱ्यावर झाकणी चिकटवून लॅपटॉप मिटू नका; आणि लावायचीच असेल तर ती साध्या छपाईच्या कागदाहून, म्हणजे ०.१ मि.मी.हून जाड नसावी. एका कागदाच्या जाडीपर्यंत हिशेब आला आहे, हे ध्यानात ठेवा.

जाडी कमी झाली की इतरही गोष्टींना रजा मिळते. कळ दाबल्यावर ती जेमतेम एक मि.मी. खाली जाते; काहींना हे आवडते, मला नाही. प्रोजेक्टरची तार थेट लावायला खोबण नाही, शाळेतला रुंद तोंडाचा पेनड्राइव्ह लागत नाही, जोडणी वेगळी विकत घ्यावी लागते. ही गैरसोय आहे, पण जीवघेणी नव्हे.

खरा प्रश्न उष्णतेचा आहे. या संगणकात पंखाच नाही.

पंखा नसण्याचे फायदे आधी सांगतो. आवाज शून्य. हलणारा भाग नसल्यामुळे झिजायला काही नाही. आणि धूळ! आमच्या महाविद्यालयातल्या खडूच्या धुळीने किती संगणकांचे पंखे गुदमरले, त्याची मोजदाद नाही. पंखा आत हवा ओढतो, हवेबरोबर धूळ ओढतो, धुळीचा थर बसतो आणि मग पंखा असूनही यंत्र तापते. पंखा नसलेल्या बंद यंत्राला हे दुखणे नाही.

पण संगणकात गेलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णतेतच बदलते. ती बाहेर कशी पडणार? चिपपासून कवचापर्यंत वहनाने, आणि कवचापासून खोलीत अभिसरणाने व प्रारणाने. स्थिर हवेत एक चौरस मीटर पृष्ठभाग, भोवतालापेक्षा एक अंश सेल्सिअस गरम असेल, तर ढोबळमानाने १० वॉट उष्णता सोडतो. 'एअर'ची तबकडी सुमारे ३४ से.मी. लांब आणि २३.८ से.मी. रुंद आहे. वरची आणि खालची बाजू मिळून ०.१६ चौ.मी. म्हणजे दर अंशाला १.६ वॉट. मोठ्या पडद्याचा एक न बोललेला फायदा इथे दिसतो : धाकट्या भावापेक्षा उष्णता सोडायला २४ टक्के जास्त जागा मिळते.

आता १० वॉटचे काम चालू आहे असे समजा. कवच खोलीपेक्षा सरासरी ६ अंशांनी गरम होईल. खोली २७ अंशांवर असेल तर कवच ३३ वर. हाताला कळणारही नाही. काम २० वॉटचे झाले तर साडेबारा अंशांची वाढ, म्हणजे ३९.५. कोमट, पण चालण्याजोगे. आता हाच हिशेब आमच्या विदर्भातल्या मे महिन्यात करा. दुपारी खोलीत ३८ अंश. १० वॉटला ४४ अंश, आणि २० वॉटला ५० च्या वर! हात ठेवणार कसा? शिवाय ही सरासरी झाली. चिपच्या वरच्या भागात तापमान आणखी जास्त. कंपनीने छापलेल्या माहितीपत्रकात वापरासाठी भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश असावे, असे स्पष्ट लिहिले आहे. अकोला, जळगाव, चंद्रपूर येथल्या उन्हाळी दुपारी कूलर नसलेल्या खोलीत ही अट मोडतेच. आणि मांडीवर उशी घेऊन तिच्यावर यंत्र ठेवले, तर खालचा अर्धा पृष्ठभागही गेला.

यंत्र जळत मात्र नाही. चिप आपले तापमान मोजत असते. ते वाढले की ती स्वतःहून वेग उतरवते. वेग उतरला की वीज कमी लागते आणि उष्णताही कमी होते. याचा एक सुंदर पुरावा बाजारातच मिळाला. २०२२ मध्ये अ‍ॅपलने 'एम-२' नावाची एकच चिप दोन लॅपटॉपांत बसवली. १३ इंची 'प्रो'मध्ये पंखा होता, 'एअर'मध्ये नव्हता. थोड्या वेळाच्या कामात दोघांत फारसा फरक दिसला नाही. पण बराच वेळ चालणारे जड काम दिले, की 'एअर' काही मिनिटांनी मंदावे आणि 'प्रो' आपली चाल टिकवून धरी. मेंदू एकच, फरक पडला तो फक्त घाम पुसणाऱ्या हाताचा!

म्हणजे "हा संगणक वेगवान आहे का?" या प्रश्नाला उत्तर नाही. "किती मिनिटे वेगवान आहे, आणि किती अंशांच्या खोलीत?" असे विचारले पाहिजे.

एक उणीव उरली, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी आहे. संगणकाची तात्पुरती स्मृती, जिला रॅम म्हणतात, ती जुन्या लॅपटॉपात खाचेत बसवलेली पट्टी असे. पुढे गरज पडली की मोठी पट्टी लावता येई. खाचेला काही मिलिमीटर उंची लागते. पातळ यंत्रात ती परवडत नाही, म्हणून स्मृती चिपच्या शेजारीच कायमची जोडून टाकतात. अंतर कमी झाल्याने वेग वाढतो, हा फायदा खराच. पण घेताना जी घेतली, ती शेवटपर्यंत. २०२३ मध्ये हा संगणक मूळ किमतीत ८ जीबी स्मृतीचा मिळे. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने त्याच किमतीत १६ जीबी द्यायला सुरुवात केली. ज्यांनी आधी ८ ची घेतली, त्यांना आपली वाढवून घेण्याचा मार्ग नव्हता. चार-पाच वर्षे चालवायच्या वस्तूत हा धोका मला लहान वाटत नाही. २०२४ च्या आणि २०२५ च्या मार्चमध्ये आतली चिप बदलून नव्या आवृत्त्या आल्या. पण जाडी, वजन, पंख्याचा अभाव आणि ही कायमची जोडणी तशीच राहिली.

हे सगळे कागदावर मांडून झाल्यावर मी तिला विचारले, "तू यावर काय करणार?" ती म्हणाली, इमारतींची त्रिमितीय चित्रे. अशा एकेका चित्राची आकडेमोड संगणक तासतासभर करत बसतो. जड काम, लांब काम, आणि घर विदर्भात. शिवाय तिच्या महाविद्यालयात शिकवली जाणारी 'रेव्हिट' ही आज्ञावली मुळात विंडोजसाठीच बनलेली. ती विद्यार्थिनी वाङ्मय किंवा कायदा शिकणारी असती, दिवसभर वाचन-लेखन आणि पाठीवर ओझे घेऊन बसप्रवास करणारी असती, तर मी याच संगणकाची शिफारस केली असती, आणि तीही धाकट्या भावापेक्षा या थोरल्याची. फक्त स्मृती जास्त घ्यायला लावली असती. दीड किलोत एवढा चांगला पडदा आणि दिवसभर पुरणारी बॅटरी, ही काही साधी गोष्ट नाही.

वडिलांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडले. "म्हणजे सर, जाड चालेल?"

तिने पंखा असलेला, सव्वादोन किलोचा, स्मृतीसाठी रिकामी खाच असलेला लॅपटॉप घेतला. किंमत ठरवलेल्या रकमेच्या साधारण निम्मी पडली. गेल्या दिवाळीत ती भेटायला आली होती. स्मृती तिने दुसऱ्या वर्षी दुप्पट करून घेतली होती. "पण सर," ती म्हणाली, "त्याचा पंखा रात्री इतका घोंघावतो, की खोलीतली मैत्रीण उशी डोक्यावर घेऊन झोपते. आणि तिच्याकडे तो पातळ आहे!"